प्राणिमित्र मंडळाने टिटवीला वाचवले

एका जंगलात एक कॉलेज होते. हसू नका, बाळांनो. जंगलात कॉलेज असू शकते. कॉलेजात जंगल असते, ते तुम्ही मोठे झालात की बघालच.

त्या कॉलेजात वानर, मोर, ससे, भेकरे, खारी असे सगळे शिकायला येत. येताना ते प्राणी असत. वर्षभरात ते विद्यार्थी होत, आणि मग त्यांना प्राण्यांविषयी फार कळवळा येऊ लागे. हा कळवळा कुठे ठेवायचा हे कळेना, म्हणून त्यांनी एक मंडळ काढले. त्याचे नाव प्राणिमित्र मंडळ.

मंडळाचा अध्यक्ष भार्गव नावाचा वानर होता. अध्यक्ष झाल्यापासून त्याने झाडावर चढणे सोडले होते. तो फक्त व्यासपीठावर चढत असे. फोटो काढायचे काम मयूरेश नावाच्या मोराकडे होते. तो फोटो चांगले काढी, पण प्रत्येक फोटोत प्राणी अर्धा आणि मयूरेशचा पिसारा पूर्ण येई. आणि मार्गदर्शक होते सांबरसर. ते प्रत्येक कार्यक्रमात डोळे मिटून बसत आणि शेवटी उठून 'उपक्रम स्तुत्य आहे' असे म्हणत. त्यांना दुसरे वाक्य येत असावे, पण त्याची कधी गरज पडली नव्हती.

मंडळाने वर्षभर पुष्कळ काम केले. प्रभातफेरी काढली. शपथ घेतली. 'प्राण्यांना जगू द्या' नावाचे पथनाट्य बसवले आणि त्याच नावाचे मोठे कापडी बॅनर रंगवून घेतले. हिरवे टी-शर्टही शिवून घेतले. टी-शर्टच्या पाठीवर 'सौजन्य : मुंगूसराव' असे लिहिले होते. मुंगूसराव हे जंगलातले मोठे समाजसेवक. ते काय खातात हे सगळ्यांना ठाऊक होते, पण टी-शर्टचे कापड चांगले होते.

सगळे छान चालले होते. एकच अडचण आली. उन्हाळ्यात आंतरवन स्पर्धा होती. सर्वांत चांगल्या मंडळाला मोठा चषक मिळणार होता, आणि अट अशी होती की मंडळाने निदान एका तरी जिवाला वाचवलेले असावे. प्रभातफेरीत कोणी वाचले नव्हते. पथनाट्यात तर दर खेपेला एक भेकर मरत होते.

मग मंडळ टी-शर्ट घालून, बॅनर घेऊन, मलमपट्टीची पेटी घेऊन संकटातला प्राणी शोधायला निघाले. आधी त्यांना एक म्हातारे कासव भेटले. ते हलत नव्हते म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला उलथे केले आणि पोट तपासले. पोट ठीक निघाले. मंडळ हिरमुसून पुढे गेले. कासवाला सुलटे करायचे राहून गेले. पुढे एक साळिंदर भेटले. त्याला धीर द्यावा म्हणून दोघा सशांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी पेटीतले निम्मे औषध मंडळालाच लागले.

असे हिंडत हिंडत ते जंगलाच्या कडेच्या माळावर आले. तिथे एक टिटवी राहत होती. ही गोष्ट तिची आहे. मंडळाला वाटते की ती मंडळाची आहे, पण मंडळाला तसे प्रत्येक गोष्टीबद्दल वाटते.

टिटवी घरटे बांधत नाही. तिची अंडी उघड्या माळावर खड्यांत पडलेली असतात. अंड्यांचा रंग खड्यांसारखाच, ठिपकेही तसेच. तुम्ही अगदी शेजारी जाऊन उभे राहिलात तरी तुम्हाला ती दिसणार नाहीत. हीच त्यांची भिंत आणि हेच त्यांचे छप्पर. म्हणून टिटव्यांत एक रीत आहे. जिथे अंडी आहेत तिथे ओरडायचे नाही. गुपचूप उठायचे, लांब जायचे आणि तिथून आरडाओरडा करायचा. शत्रू त्या बाजूला जातो. तरीही तो वळून अंड्यांकडे आलाच, तर एक पंख खाली सोडायचा आणि लंगडत त्याच्या समोरून जायचे. कुत्रा असो, कोल्हा असो, पंख मोडलेले पाखरू दिसले की त्याच्या तोंडाला पाणी सुटते. तो मागे येतो. त्याला लांब न्यायचे, आणि तो झडप घालणार तेवढ्यात भुर्रकन उडून जायचे.

ही टिटवी या कामात माळावर सर्वांत हुशार होती. ती इतकी छान लंगडत असे की पहिल्या वर्षी तिचा नवरा तिला तसे पाहून रडला होता. त्या उन्हाळ्यात तिने चार अंडी घातली होती. ऊन कडक होते. नवराबायको आळीपाळीने ओढ्यावर जात, पोटाची पिसे भिजवून आणत आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवत. त्यांना दुसरा उद्योग नव्हता आणि दुसरी इच्छाही नव्हती.

टिटवा ओढ्यावर गेला असताना मंडळ आले. टिटवी गुपचूप उठली, लांब गेली आणि ओरडू लागली. तरी मंडळ अंड्यांच्या बाजूलाच चालत राहिले. तेव्हा तिने पंख सोडला आणि लंगडायला सुरुवात केली.

मंडळ जागच्या जागी थांबले. मयूरेशने दोन वेळा डोळे चोळले. भार्गवला तर फारच आनंद झाला. एवढ्या दिवसांनी त्यांना एक खराखुरा जखमी जीव मिळाला होता.

इथे टिटवीचे चुकले. तिला वाटले, हेही कुत्र्यासारखे मागून धावत येतील. पण कुत्र्याने कधी पथनाट्य केलेले नसते. मंडळाला सवय होती रिंगण करायची. कुठेही गेले की आधी ते गोल करून उभे राहत. तसे ते तिच्याभोवती उभे राहिले. ती समोरच्या वानराकडे बघत, आता उडू, मग उडू, असा अंदाज घेत राहिली, आणि मागून तिच्यावर 'प्राण्यांना जगू द्या' येऊन पडले. बॅनरचे कापडही चांगले होते. तिला हलता येईना.

त्यांनी तिला कॉलेजात नेले. तिथे फळ्याखाली कोंबड्या झाकायचे एक बांबूचे डालगे ठेवून त्याला उपचार केंद्र असे नाव दिले. मलमपट्टीचे शिबिर सगळ्यांनीच केले होते, पण पट्टी बांधायला मंडळाबाहेरचे कधी कोणी मिळाले नव्हते. म्हणून प्रत्येकाने एकेक वेढा दिला. शेवटी पंख कुठे आहे आणि पट्टी कुठे आहे ते सांगणे अवघड झाले.

"मला काय झालेलं नाही हो, दादा," टिटवी म्हणाली. "सोडा मला. घरी काम पडलंय."

भार्गवने इतरांना समजावून सांगितले की याला धक्का बसणे म्हणतात. पेशंट नाही म्हणाला की दुखणे मोठे आहे असे समजायचे. मग त्यांनी तिला दुधात बिस्किट कुस्करून दिले. टिटवी किडे खाते. पण किडेही प्राणीच आहेत आणि आपण प्राणिमित्र आहोत, असा मुद्दा एका खारीने मांडला आणि तो टाळ्यांत मंजूर झाला.

टिटवीला एका वाक्यात सुटता आले असते. माझी अंडी आहेत, म्हणून मी सोंग केले, एवढे सांगितले की झाले. पण ते सांगायचे म्हणजे अंडी आहेत असे दहा जणांना सांगायचे, आणि दहा जणांचे गुपित जंगलात वाऱ्यावर असते. ती गप्प बसली. टिटवा एकटा उन्हात अंड्यांवर बसला असेल, त्याला पाणी प्यायला तरी उठता येत असेल का, एवढाच विचार तिच्या मनात होता.

जखमी टिटवीला बघायला सगळे कॉलेज आले. मुंगूसरावही आले. ते डालग्याजवळ बसले, तिच्याकडे प्रेमाने बघत राहिले आणि आजूबाजूची गर्दी पांगल्यावर हळू आवाजात बोलले.

"बाई, काय सुरेख लंगडता तुम्ही. मागच्या उन्हाळ्यात मला पार ओढ्यापर्यंत नेलं होतंत."

मुंगूसराव डालग्याला आणखी खेटून बसले.

"पंखाला काही झालेलं नाही हे मला दिसतंय. म्हणजे घरी अंडी आहेत. कुठे आहेत ते मात्र तुम्ही कधी कळू दिलं नाहीत."

मुलांनो, त्या सगळ्या कॉलेजात टिटवीची कला ओळखणारा एकच जण होता, आणि तो तिची अंडी खायला टपला होता. बाकीचे तिला बरे करण्यात गुंतले होते. मला मुंगूसरावांचा एवढा राग येत नाही. ते मुंगूस आहेत. मला राग येतो तो त्या हिरव्या टी-शर्टांचा, आणि तो मी लपवणार नाही.

मुंगूसराव उठून भार्गवकडे गेले. प्राणी जिथे सापडला तिथेच त्याला सोडावे असे शास्त्र सांगते, असे त्यांनी त्याला सांगितले. ते खरेच होते. त्या दिवसात शास्त्राचे एवढे एकच वाक्य कोणी बोलले, आणि तेही मुंगसाने. भार्गवला कल्पना फार आवडली. माळावर मांडव घालू, सगळ्या कॉलेजला बोलावू, निसर्गमुक्ती सोहळा करू आणि प्रमुख पाहुणे म्हणून मुंगूसरावांच्याच हस्ते टिटवीला सोडू, असे ठरले.

हे ऐकून टिटवी हादरली. मला कुठेही सोडा, नदीवर सोडा, डोंगरावर सोडा, पण माळावर नको, असे ती काकुळतीला येऊन सांगू लागली. यावर मंडळाची बैठक झाली. जखमी प्राण्याला आपल्याच घराची भीती वाटू लागते आणि ती भीती मोडायलाच हवी, असे बैठकीत ठरले. सांबरसरांनी डोळे उघडून उपक्रम स्तुत्य असल्याचे सांगितले.

सोहळ्याच्या दिवशी सकाळी माळावर गर्दी लोटली. टिटव्याने लांबूनच हिरवे शर्ट पाहिले. तो उपाशी होता, चोच वाळली होती, पण रीत त्याला पाठ होती. तो अंड्यांवरून गुपचूप उठला, दुसऱ्या टोकाला गेला आणि ओरडून लंगडू लागला. निम्मे मंडळ दुसरा पेशंट मिळाला म्हणून त्याच्यामागे धावले. टिटवीला धरले तेव्हा ओढ्यावरून परतताना त्याने रिंगण लांबून पाहिले होते, म्हणून तो वेळेत उडाला. मंडळ धापा टाकत परत आले आणि सोहळा सुरू झाला.

स्वागत झाले, प्रास्ताविक झाले, पाहुण्यांचा परिचय झाला. टिटवीचा परिचय झाला नाही, कारण तिचे नाव विचारायचे कोणाला सुचले नव्हते. मुंगूसरावांनी भाषण केले. अंडी हे जंगलाचे भवितव्य आहे, असे ते म्हणाले, आणि हे बोलताना त्यांचा आवाज खरोखर कातर झाला. मग त्यांनी टिटवीला दोन्ही पंजांत धरले. आता सोडणार, इतक्यात मयूरेशने सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची आठवण केली.

सगळे ओळीने उभे राहिले. मयूरेशने कॅमेरा एका दगडावर ठेवला आणि आपण पुढे येऊन पिसारा फुलवला. पिसारा मावेना. त्याने सगळ्यांना जरा मागे सरकायला सांगितले.

सगळे एक पाऊल मागे सरकले. तरी पिसाऱ्याची एक बाजू बाहेर राहत होती. त्याने अजून थोडे मागे जायला सांगितले.

मुंगूसरावांच्या पंजातून टिटवीला मागचे खडे दिसत होते. त्या खड्यांत चार खडे तिचे होते. ओळ पुन्हा सरकली. भार्गवची टाच आता अंड्यांपासून हातभर लांब होती, आणि त्याच्या शेजारी सांबरसरांचे खूर होते. टिटवीची छाती धडधडू लागली. मुंगूसरावांना ती धडधड पंजांत लागत होती. ते फोटोकडे बघत नव्हते. ते कान देऊन उभे होते.

ओरडावे तर मुंगसाला कळणार. न ओरडावे तर अंडी खुराखाली जाणार. अशा वेळी काय करायचे, हे तिच्या आईने तिला शिकवले नव्हते, कारण आईच्या काळात प्राणिमित्र नव्हते.

मयूरेशने पुन्हा मागे व्हायला सांगितले, आणि सांबरसरांनी खूर उचलला.

"थांबा," टिटवी ओरडली. "पाय नका ठेवू. तिथं माझी अंडी आहेत."

टिटव्यांच्या सात पिढ्यांत खऱ्या जागी कोणी ओरडले नव्हते. सगळे थबकले. सगळे वळले. वाकून वाकून बघितल्यावर त्यांना चार अंडी दिसली आणि माळावर टाळ्यांचा कडकडाट झाला. एक जीव वाचवायचा होता, हे तर पाच निघाले. भार्गव टिटवीजवळ आला. त्याचे डोळे ओलावले होते.

"ताई, तुम्ही आता काळजी करायची नाही," तो म्हणाला. "ती आता एकट्या तुमची राहिली नाहीत. ती आता आपल्या सगळ्यांची आहेत."

तिथल्या तिथे अंडी संरक्षण समिती नेमली गेली. अंड्यांभोवती दोरी बांधली, वर सावलीला बॅनर ताणून बांधले. समितीवर अध्यक्ष कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी अनुभवी माणूस हवा असे म्हटले आणि सगळ्यांच्या नजरा मुंगूसरावांकडे वळल्या.

"तो खातो हो," टिटवी म्हणाली. "अंडी खातो तो. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे."

सगळ्यांना अवघडल्यासारखे झाले. पाहुण्यांसमोर असे बोलायचे नसते. सर्वांनी सांबरसरांकडे पाहिले. त्या दिवशी सरांना दुसरे वाक्य सापडले. ते म्हणाले, पूर्वग्रह वाईट. मुंगूसरावांनी मान खाली घातली आणि नम्रपणे सांगितले की अंड्यांशी त्यांचा जेवढा जवळून संबंध आला आहे तेवढा इथे कोणाचाच आलेला नाही. यात एक अक्षर खोटे नव्हते. त्यांची निवड एकमताने झाली.

मग टिटवीला सोडायचे राहिले आहे हे कोणाला तरी आठवले. पट्टी सोडून तिला वर उडवण्यात आले. इतके दिवस बांधलेला पंख आखडला होता. ती दहा हात जाऊन खड्यांत पडली. तेवढ्याने सोहळा पूर्ण झाला. ती लंगडत दोरीपाशी आली. या वेळी ती खरोखरच लंगडत होती, त्यामुळे तिच्याकडे कोणी पाहिले नाही. टिटवा मुंगूसरावांच्या डोक्यावर झेपा घालत ओरडू लागला, तेव्हा पालकांच्या आरडाओरड्याने अंड्यांना ताण येतो असे सांगून स्वयंसेवकांनी दोघांनाही माळाबाहेर हाकलून लावले. दोरीच्या आत फक्त समितीचे अध्यक्ष राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळ आले तेव्हा दोरीच्या आत टरफले होती. मुंगूसराव सावलीत बसले होते. त्यांना बसल्या जागेवरून उठवत नव्हते. चारही पिल्ले सुखरूप बाहेर पडली, गुटगुटीत होती, आपण स्वतः त्यांना निरोप दिला, असे त्यांनी सांगितले. मंडळाने एकमेकांना मिठ्या मारल्या. मयूरेशने टरफलांसोबत फोटो काढला. टिटवी लांबून बघत होती. तिने आरडाओरडा केला नाही. आता ओरडून कोणाला कुठे न्यायचे होते?

आंतरवन स्पर्धेत मंडळाला पहिला क्रमांक मिळाला. एक आई आणि चार पिल्ले वाचवणारे दुसरे मंडळ नव्हते. चषक मुंगूसरावांच्या हस्ते देण्यात आला. टिटवीलाही बोलावणे गेले होते. ती आली, म्हणून सगळ्यांना बरे वाटले. तिला शाल आणि श्रीफळ दिले आणि मंडळाविषयी दोन शब्द बोलायला सांगितले.

टिटवी पुढे आली. तिने हिरव्या टी-शर्टांकडे पाहिले, मग पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांच्या पोटाकडे पाहिले.

"मी काय बोलू," ती म्हणाली. "तुमच्यासारखं मंडळ प्रत्येक मुंगसाला मिळो."

टाळ्या बराच वेळ चालल्या. मुंगूसरावांनी उभे राहून सगळ्यांना नमस्कार केला.

तात्पर्य : पंख मोडल्याचे सोंग शत्रूपुढे खुशाल करावे, तो फसतो आणि निघून जातो. मित्रांपुढे करू नये. ते उपचार करतात.